कांदेनवमीला इम्फाळ

४ जुलै. कांदेनवमी. ऑफिसातून लवकर निघाले आणि आल्या आल्या भज्यांसाठी कांदे चिरायला घेतले. आमच्याकडे चातुर्मासात कांदा कोणीच सोडत नाही, पण कांदेनवमी मात्र कोणी चुकवत नाही. बिल्डिंगमधल्या नेहमीच्या माणसांना आमंत्रण लागत नाही. कढईचा वास जिन्यात पोचला की ती येतात. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते कांद्याचं. दुसऱ्या कशाने यायला सवड नव्हती.

दुपारपासून भुरभुर चालू होती. दाराशी इराचा रेनकोट टपटपत होता. इरा माझी मुलगी, सहावीत आहे. दुसऱ्या दिवशी शनिवार, म्हणजे सकाळी सातला तिचा बॅडमिंटनचा क्लास, आणि तिला तिथे नेहमीप्रमाणे आबा स्कूटरवरून नेणार होते. हे साधं वाक्य मी बुधवारपासून मनात वेगवेगळ्या सुरांत म्हणून पाहत होते. कुठल्याही सुरात म्हटलं तरी ते साधं राहत नव्हतं.

आबा म्हणजे माझे सासरे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. सगळं आयुष्य एका इंजिनाच्या कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात गेलं. सासूबाई होत्या तेव्हा चातुर्मासात रोज संध्याकाळी त्या पोथी वाचायच्या आणि आबा कुरकुरत ऐकायचे. त्या गेल्या, त्यानंतरच्या चातुर्मासात सातच्या सुमाराला घर एकदम गप्प व्हायला लागलं. आबांनी थोडे दिवस ते सोसलं. मग एका संध्याकाळी त्यांनी चौरंग मांडला, समई लावली आणि त्यावर दुसऱ्या महायुद्धाचा जाडजूड इतिहास उघडला. पुस्तकाचं मुखपृष्ठ कधीच गेलेलं होतं, पानं बिस्किटासारखी तुटत होती.

"आबा, हे काय?" माझ्या नवऱ्याने, शिरीषने विचारलं.

"नेम. वाचन मोडता कामा नये. काय वाचायचं हे तिने कुठे सांगून ठेवलंय?"

तेव्हापासून आमच्याकडे चातुर्मासात महायुद्ध लागतं. नियम सगळे पोथीचे. रोज एक अध्याय. मध्ये कोणी बोलायचं नाही. संपल्यावर साखर-फुटाण्यांचा प्रसाद, आणि मग एकच प्रश्न: मोहीम फसली असेल तर का फसली, जमली असेल तर का जमली. खालच्या मजल्यावरचे सोमणकाका विमा कंपनीतून निवृत्त झालेले. ते हजर असतात, कारण त्यांना वाद घालायला घरी कोणी उरलेलं नाही. समोरच्या वानखडे आजी अकोल्याच्या. मुलगा हिंजवडीला नोकरीला लागला, त्याच्याबरोबर त्या इथे आल्या. चातुर्मासात लाख वाती वळायचा त्यांचा संकल्प असतो. रणगाडे वाळवंटातून पुढे जात असतात आणि आजींच्या मांडीवर कापसाचा ढीग वाढत असतो.

गेल्या वर्षीचा चातुर्मास मला अजून वासासकट आठवतो. ओल्या छत्र्या, समईतलं करपलेलं तेल, पंख्याखाली वाळत घातलेला शाळेचा गणवेश. आबा जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नकाशा काढायचे, अगदी ड्रॉइंग ऑफिसातल्या स्वच्छ रेघांत, आणि त्यावर डाळींच्या फौजा मांडायचे. तूर जर्मनांची, मूग रशियनांचे, मसूर इंग्रजांची. प्रसादानंतर फौजा आपापल्या डब्यात परत. स्टालिनग्राडच्या दिवशी तूर आणि मूग इतके एकमेकांत शिरले की निवडत बसण्यापेक्षा मी सरळ त्यांचं मिसळीचं वरण केलं. सोमणकाका म्हणाले, "बघा, शेवटी तह तुमच्या कुकरमध्येच झाला."

मला लढायांची आवड नव्हती. मी कढी ढवळत, डबे भरत कानाने ऐकायची. पण हळूहळू ऐकू यायला लागलं ते माझ्याच कामाचं. मी भोसरीतल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात उत्पादनाचं वेळापत्रक सांभाळते. कुठला माल कधी तयार होईल, कुठली गाडी कधी निघेल, हे रोज शंभर जणांना विचारायचं आणि वर साहेबांना सांगायचं. मॉस्कोपुढे जर्मन गारठले, कारण थंडीचे कपडे पाठीमागे दूरच्या स्टेशनांवर अडकून पडले होते. गाड्या दारूगोळ्याला पुरेनात, तर कोटांना कुठून पुरणार? आणि रशियातल्या रुळांमधलं अंतर जास्त, म्हणजे जर्मनांचे डबे तसेच पुढे नेता येत नाहीत. हे वाचल्यावर सोमणकाका "हिवाळ्याने हरवलं" असं म्हणाले, तेव्हा मी स्वयंपाकघरातून ओरडले, "हिवाळा दर वर्षी येतो, काका. त्याचा काय दोष?"

"सूनबाई, मध्ये बोलायचं नाही," आबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पण बरोबर आहे."

स्टालिनग्राडमध्ये जर्मनांना वेढा पडला, तेव्हा विमानदलाच्या प्रमुखाने वर शब्द दिला की लागेल तेवढा माल आम्ही विमानांनी पोचवू. खालच्या अधिकाऱ्यांना माहीत होतं की हे होण्यासारखं नाही. पण दिलेल्या शब्दाने वरचे सुखावले, आणि मागे फिरायचा हुकूम काही सुटला नाही. मी हा अध्याय ऐकला आणि मला आमच्या कारखान्यातला सुपरवायझर दिसला. "होतंय मॅडम" म्हणजे अजून हात लावलेला नाही. "झालंच" म्हणजे हात लावला आहे. "थोडा इश्यू आहे" म्हणजे मशीन बंद पडून दोन दिवस झाले. बातमी एकेक जिना चढते तशी प्रत्येक पायरीवर कोणीतरी तिच्यात चमचाभर साखर घालतं. वर पोचेपर्यंत तिचा शिरा झालेला असतो.

नॉर्मंडीचं नेमकं उलटं झालं. सगळी जहाजं तयार, माणसं चढलेली, आणि हवामानाच्या माणसाने येऊन सांगितलं, उद्या नको. एवढ्या मोठ्या सेनापतीला नको म्हणायचं! आणि त्याने ते ऐकलं, एक दिवस थांबला. आबांच्या मते त्या मोहिमेचा निम्मा विजय तिथेच झाला. ऐकणारा तर हवाच, पण सांगणाराही हवा.

आणि इम्फाळ. तो अध्याय श्रावणात आला, बाहेर धो धो कोसळत होतं, वीज गेली होती, आबा समईच्या उजेडात पुस्तक नाकाशी धरून वाचत होते. जपानी सैन्य ब्रह्मदेशातून डोंगर ओलांडून इम्फाळवर निघालं ते काही आठवड्यांच्या शिध्यावर. बरोबर गुरं हाकत नेली, वाटेत खायला. बाकीचं अन्न शत्रूच्या कोठारांतून मिळेल असा हिशेब. इंग्रजांच्या सेनापतीने काय करावं? तो आपणहून मागे सरला. इम्फाळच्या मैदानात, आपल्या कोठारांजवळ येऊन उभा राहिला, की आता या. त्याला विमानातून तांदूळ येत राहिला, जपान्यांची गुरं दऱ्यांत पडली. मग पावसाळा लागला.

"पण दोन्हीकडं आपलीबी पोरं होती म्हंते मुलगा माहा," वानखडे आजींनी नियम मोडून विचारलं.

"होती. इंग्रजांच्या फौजेत बहुतेक आपलीच. आणि जपान्यांबरोबर आझाद हिंदची."

आजींचा वात वळणारा हात थांबला. "अन् खात काय होते थे?"

आबांनी पान उलटलं. पुढच्या पानावर दोन जपानी सेनापती होते. मोहिमेचा प्रमुख आणि त्याचा वरिष्ठ. जूनच्या पावसात दोघांची भेट झाली. मोहीम संपली आहे, माणसं उपासाने आणि तापाने मरताहेत, हे दोघांनाही कळून चुकलं होतं. दोघं समोरासमोर बसले. प्रमुखाला वाटलं, आपल्या चेहऱ्यावरून वरिष्ठाला समजेल. वरिष्ठाला वाटलं, तो काही बोलत नाही तर आपण कसं बोलायचं. दोघं न बोलता उठले. माघारीचा हुकूम निघायला आणखी काही आठवडे गेले, आणि ते आठवडे दोघांनाही उपाशी राहावं लागलं नव्हतं.

"अगदी आपल्या सोसायटीची मीटिंग," सोमणकाका म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले. आबा सर्वांत जास्त हसले.

त्यानंतर गणपतीच्या सुमाराला आबांच्या स्कूटरची उजवी बाजू खरवडलेली दिसली. मी शिरीषला विचारलं. "काही नाही गं, गेटला जरा घासली. जुनीच गाडी आहे." मी सोडून दिलं. त्याच महिन्यात आबा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले आणि म्हणाले, "डोळ्यांतलं प्रेशर थोडं जास्त आहे. थेंब दिलेत." थेंब ते नियमाने घालत होते. पेपर वाचत होते, पोथी वाचत होते, सुईत दोरा ओवून देत होते. ज्याला सुईचं नेढं दिसतं त्याच्या नजरेबद्दल कोण शंका घेईल?

मग हिवाळ्यात एकदा ते बुधवार पेठेतून वायर आणायला गेले आणि खूप उशिरा परतले. विचारलं तर, "गर्दी." मी शिरीषला म्हटलं, आता त्यांच्याशी स्कूटरचं बोलायला हवं. तो म्हणाला, "थंडी जाऊ दे." थंडी गेल्यावर म्हणाला, "इराची परीक्षा होऊ दे." परीक्षेनंतर आंबे आले, आंब्यांनंतर शाळा सुरू झाली. शिरीष वाईट माणूस नाही. त्याला स्कूटर शिकवली ती आबांनी. त्यांच्या हातातून किल्ली कशी मागायची, हे त्याला सुचत नाही. मीही मधल्या काळात "आबा, रिक्षा करत जा ना, गुडघ्यांना बरं" असलं काहीतरी गोड गोड बोलत होते. ते म्हणायचे, "गुडघे ठणठणीत आहेत." आणि तो मुद्दा खराच होता.

बुधवारी इरा म्हणाली, "आई, या शनिवारी तू सोडशील?"

"का गं?"

"असंच."

मुली "असंच" म्हणतात तेव्हा आईने हातातलं काम खाली ठेवावं. मी ठेवलं. तिने आधी माझ्याकडून कबूल करून घेतलं की आबांवर चिडायचं नाही. मग सांगितलं. आबांना उजव्या बाजूचं दिसत नाही. समोरचं दिसतं. म्हणून ती मागे बसून सांगते. "आबा, बस. आबा, रिक्षा. आबा, लाल." आबांनी त्याला नाव दिलंय, टेहळणी. ती त्यांचं टेहळणी पथक आहे.

"कधीपासून?"

"खूप दिवस. पण सोमवारी शाळेतून येताना माझं लक्ष नव्हतं, मी मैत्रिणीला हात करत होते, आणि बस एकदम इथे आली." तिने तळहात नाकासमोर धरला. "बसवाल्या काकांनी ब्रेक मारला. आबा काहीच बोलले नाहीत. घरी येईपर्यंत काहीच बोलले नाहीत. माझीच चूक होती, आई."

अकरा वर्षांची मुलगी. माझीच चूक होती म्हणते.

मी खाली जाऊन वॉचमन निवृत्तीला गाठलं. तो मुळशीकडचा. मागच्या वर्षी गेटपाशी नक्की काय झालं, ते मला त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं. तो आधी इकडेतिकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, गाडी खांबावर गेली आन् पोरगी पडली व्हती. रडली न्हाई. मी सोमणसायबास्नी सांगितलं की पोरगी पडली म्हनून." सोमणकाकांना विचारलं. ते म्हणाले, "हो, मी शिरीषला म्हटलं होतं की गाडीला धक्का बसलाय." आणि शिरीषने मला सांगितलं, जरा घासली. एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर येईतो माझी मुलगी त्या बातमीतून पुसली गेली होती. प्रत्येकाने माझी काळजीच केली होती. कोणी खोटं बोललं नव्हतं.

त्या रात्री शिरीषला सगळं सांगितलं. तो पलंगाच्या कडेला बसला. मग म्हणाला, "शुक्रवारी कांदेनवमी आहे. लोक येणार. ती होऊ दे."

मी म्हटलं, "शिरीष, तू जपानी आहेस."

तो हसला नाही. मलाही हसू आलं नव्हतं.

आता लिहिताना असं वाटतं, की मोठ्या मोहिमा फसतात त्याची कारणं पुस्तकात मोठी दिली जातात. तेल, रूळ, बर्फ, चिखल. ती खरीच आहेत. पण त्या प्रत्येक कारणाच्या शेजारी ते आधीपासून ठाऊक असलेला कोणीतरी माणूस उभा असतो. त्याला बायकामुलं असतात, वरिष्ठाबद्दल आदर असतो, आणि जेवायची वेळ झालेली असते. तो उद्या सांगू म्हणतो. आमच्या घरात तर सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. आबांना तर सर्वांत जास्त.

म्हणून मला वाटलं, आबांना आडून सांगावं. पुण्यात सरळ बोलायला लोक कचरत नाहीत अशी आमची ख्याती आहे. ती दुकानदारांपुरती खरी आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांशी आम्ही आडूनच बोलतो, आणि त्यांना ते कळतं अशी आमची समजूत आहे.

भजी झाली, चटणी संपली, सोमणकाकांनी "कांदा जरा जाड चिरलाय" हे दर वर्षीचं वाक्य म्हटलं. वानखडे आजींनी या वर्षीचा कापूस आधीच पिंजून आणला होता. आबा म्हणाले, "बोला, यंदा कुठून सुरुवात करायची?"

मी हात पुसत बाहेर आले. "आबा, आज नमुन्याला इम्फाळचं ते पान वाचा ना. दोन सेनापतींचं."

शिरीषने माझ्याकडे पाहिलं आणि खाली बघायला लागला. आबांचा चेहरा उजळला. सुनेने आपणहून अध्याय मागितला होता. त्यांनी पुस्तक आणलं, पान झटक्यात सापडलं, आणि त्यांनी ते फार सुंदर वाचलं. पाऊस, तंबू, समोरासमोर बसलेली दोन माणसं. इरा त्यांच्या उजव्या बाजूला बसली होती. तिने प्रसादाची वाटी पुढे केली, तर त्यांना ती दिसली नाही. तिने वाटी अलगद समोर आणून ठेवली. खोलीतल्या कोणी ते पाहिलं की नाही, कोण जाणे. मी पाहिलं.

वाचन संपल्यावर मी विचारलं, "आबा, त्या दोघांतल्या कोणी बोलायला हवं होतं?"

"कोणीही!" आबांनी मांडीवर थाप मारली. "मूर्ख लेकाचे. एक वाक्य! एक वाक्य बोलायचं होतं, हजारो माणसं घरी गेली असती. चेहऱ्यावरून ओळखेल म्हणे. चेहरा काय तार आहे?"

"पण समोरच्याला वाईट वाटेल म्हणून..." मी म्हटलं.

"वाईट वाटू दे की! सेनापती आहे तो, नवरी मुलगी नव्हे."

सोमणकाका जोरात हसले. वानखडे आजी म्हणाल्या, "बरोबर हाय आबा तुमचं, मोकळं बोललं म्हंजे बरं रायते." आबांनी पुस्तक मिटलं, चष्मा पुसला आणि इराला म्हणाले, "उद्या पावणेसातला खाली. पाऊस असेल, रेनकोट विसरू नकोस."

इराने माझ्याकडे पाहिलं. मी तिला मान हलवून काहीतरी सांगितलं. काय, ते मलाही ठाऊक नव्हतं. कढई घासताना लक्षात आलं की मी संध्याकाळभर फक्त चेहरा करून दाखवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इराला शिरीषबरोबर रिक्षाने पाठवलं आणि रेनकोट घालून खाली गेले. आबा स्कूटर पुसून तयार होते.

"इरा कुठे?"

"गेली. मला मंडईपर्यंत सोडा."

मी मागे बसले. पुष्कळ वर्षांनी बसले असेन. त्यांच्या रेनकोटाला रबराचा आणि थोडा कापराचा वास होता. ते हळू चालवत होते, फार व्यवस्थित, अगदी ड्रॉइंगमधल्या रेघेसारखे सरळ. मी काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पहिल्याच चौकात उजवीकडून टेंपो आला. आबांनी वेग कमी केला नाही. त्यांच्यासाठी तो नव्हताच. मी ओरडले, "आबा, टेंपो!" गाडी थांबली, टेंपोवाला शिव्या देत गेला, आणि आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला पाय टेकून उभे राहिलो. इतके दिवस हे काम माझी मुलगी करत होती.

मी उतरले आणि त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले, जिथे त्यांना दिसते तिथे.

"आबा, तुम्हाला उजवीकडचं दिसत नाही. सोमवारी इरा थोडक्यात वाचली. आजपासून तुम्ही स्कूटर चालवायची नाही."

पाऊस त्यांच्या चष्म्यावर पडत होता. त्यांनी तो काढला नाही. दुधाची गाडी गेली, एक माणूस कुत्रं घेऊन गेला. मला वाटलं आता ते म्हणतील, गुडघे ठणठणीत आहेत.

"हो," आबा म्हणाले. मग, "फार दिवस लावलेस."

"तुम्हीही."

त्यांनी स्टँड लावला, किल्ली काढली, आणि काढल्यावर लक्षात आलं की गाडी घरी न्यायला ती लागणारच आहे. म्हणून पुन्हा जागच्या जागी लावली. उतरताना त्यांनी माझ्या हाताचा आधार घेतला. एरवी घेत नाहीत. मी पुढे बसले, ते मागे. मंडईचं कोणी नाव काढलं नाही. मी गाडी वळवली. त्यांनी काही धरलं नव्हतं, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले असावेत, कारण मला त्यांचं वजनच जाणवत नव्हतं.

घराच्या कोपऱ्यावर ते पहिल्यांदा बोलले.

"तुझा डावा इंडिकेटर मघापासून चालू आहे."

होता.